आरोग्यविचार : टपोऱ्या डोळ्यांचें बाळ

बारशाच्या दिवशीं पाळण्याभोंवतीं जमलेल्या बायका बाळाचें नाक आजोबांचें कीं आजीचें, रंग आईचा कीं आत्याचा, याचा निवाडा करीत असतात. पण बाळाचे डोळे जर मोठे व पाणीदार असले, तर त्याविषयीं वादच उरत नाहीं. कमलनयन, मृगनयनी, विशालाक्षी हे शब्द आपल्या संस्कारांत इतके मुरलेले आहेत कीं, मोठे डोळे म्हणजे सौंदर्य हें आपण सिद्ध धरूनच चालतों. एखाद्या बाळाचे डोळे वाजवीपेक्षां मोठे दिसले, तर त्यांत कांहीं वावगें असेल अशी शंका कोणाच्या मनास शिवत नाहीं. उलट, दृष्ट लागूं नये म्हणून आजी गालाला तीट लावते आणि काजळाची रेघ जरा अधिकच लांब ओढते.

गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनीचें पत्र आलें, त्यामुळें आज हा विषय हातीं घेतला आहे. त्यांचा मुलगा चौदा महिन्यांचा. जन्मतांच त्याचे डोळे टपोरे होते व सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. पण हें बाळ उजेडांत आणलें कीं डोळे मिटून घेई, आईच्या खांद्यांत तोंड खुपशी, आणि त्याच्या डोळ्यांतून सारखें पाणी गळे. सहाव्या महिन्यांत नेत्रवैद्यांनीं जन्मजात कांचबिंदूचें निदान केलें व दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. पुढें सर्व ठीक चाललें होतें. पण मुलगा नुकताच पाय टाकूं लागलेला. चालतां चालतां तो पडला आणि देवघराच्या चौकटीचा कोपरा उजव्या डोळ्याला लागला. डोळा फुटला नाहीं, बाहेर रक्त आलें नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं बुबुळावरच्या कांचेंत काळपट तांबडा डाग दिसूं लागला. घरांतील वडील माणसें म्हणूं लागलीं कीं, मुका मार आहे, रक्त साखळलें आहे, आपोआप जिरेल. बाईंनीं तीन प्रश्न विचारले होते : हें रक्त कोठून आलें? तें जिरण्याची वाट पाहावी काय? आणि तिसरा, पत्राच्या अगदीं शेवटीं, बारीक अक्षरांत : यांत माझा कांहीं दोष आहे काय?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मासिकांतून देण्याजोगें नव्हते. पत्र हातीं पडतांच त्यांस दूरध्वनीवरून कळविलें कीं, वाट पाहूं नका. मुलाला आजच्या आज शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यांकडे घेऊन जा. त्या गेल्या. आतां त्यांच्याच अनुमतीनें, नांवगांव वगळून, तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें सर्व वाचकांसाठीं येथें देत आहें.

आपण ज्याला डोळ्याचें बुबुळ म्हणतों, त्याच्या पुढें घड्याळाच्या कांचेसारखें एक बाकदार, पारदर्शक आवरण असतें. शास्त्रीय भाषेंत त्याला स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागीं त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित् वर असते. आपल्या देहांत जेथें टांचणी टोंचावी तेथें रक्ताचा थेंब येतो. परंतु या स्वच्छमंडलांत रक्तवाहिनीच नाहीं. याचें कारण उघड आहे : खिडकीच्या कांचेंतून तांबड्या नळ्या नेल्या, तर बाहेरचें दिसणार कसें? मग त्याचें पोषण कसें होतें? त्याला लागणारा प्राणवायु बहुतांशीं बाहेरच्या हवेंतून अश्रूंत विरघळून मिळतो, आणि अन्नरस आंतल्या बाजूच्या नेत्रोदकांतून मिळतो. त्याच्या सर्वांत आंतल्या थरांतील पेशी जणुं पाण्याच्या पंपासारख्या अहोरात्र काम करून आंत शिरणारें पाणी परत बाहेर काढतात. त्या थकल्या कीं कांच फुगते व धुरकट होते.

शेजारीं, पांढऱ्या भागांत, रक्तवाहिन्यांचें दाट जाळें असतांना त्या कांचेच्या कडेशींच थबकतात कशा, हें कोडें पुष्कळ काळ सुटलें नव्हतें. 2006 सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, रक्तवाहिन्यांची वाढ करविणारें जें द्रव्य शरीरांत असतें, त्याला पकडून निष्प्रभ करणारा एक पदार्थ स्वच्छमंडल स्वतःच तयार करीत असतें. म्हणजे या कांचेची निर्मळता ही आयती मिळालेली नसून क्षणोक्षणीं राखलेली आहे. याच रक्तहीनतेमुळें शरीराच्या संरक्षक यंत्रणेचें लक्षहि तिकडे कमी जातें. म्हणून 1905 सालीं ओलोमौत्स येथें एडुआर्ड झिर्म यांना एका माणसाचें स्वच्छमंडल दुसऱ्याला बसविण्यांत यश आलें. इतर अवयवांचें असें रोपण यशस्वी होण्यास त्यानंतर जवळजवळ अर्धें शतक जावें लागलें.

जेथें रक्ताला मज्जाव आहे, तेथें रक्त दिसणें ही गोष्ट म्हणूनच असामान्य. तें आंत कसें शिरलें, हें समजण्यासाठीं आधीं या बाळाचा मूळ रोग समजून घेतला पाहिजे.

डोळ्याच्या पुढच्या भागांत नेत्रोदक नांवाचें निर्मळ पाणी सतत झरत असतें. हें अश्रूंचें पाणी नव्हे. अश्रु डोळ्याच्या बाहेर, हें डोळ्याच्या आंत. दर मिनिटाला तें अवघें दोन-अडीच सहस्रांश मिलिलिटर तयार होतें व तितकेंच बाहेर जातें. जाण्याची वाट म्हणजे स्वच्छमंडल व रंगीत पडदा यांच्या कोपऱ्यांतील एक बारीक जाळी आणि तिच्यामागची वर्तुळाकार नलिका. विहिरीला झरा आहे, पण पाट तुंबला, तर पाणी चढतेंच. ज्या बाळांत ही जाळी गर्भावस्थेंत पुरती घडत नाहीं, त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा दाब वाढतो. हाच जन्मजात कांचबिंदु. बहुतेक बाळांत तो पहिल्या वर्षाच्या आंतच उघड होतो, आणि सुमारें तीनचतुर्थांश बाळांत दोन्ही डोळ्यांना असतो.

प्रौढ माणसाच्या डोळ्याचें कवच घट्ट झालेलें असतें. दाब वाढला तरी तें ताणलें जात नाहीं. परंतु तान्ह्या बाळाचें कवच, साधारणपणें तिसऱ्या वर्षापर्यंत, लवचिक असतें. दाबानें तें फुग्यासारखें ताणलें जातें आणि डोळा मोठा होतो. पाश्चात्य वैद्यांनीं या स्थितीला वृषभनेत्र अशा अर्थाचें नांव दिलें आहे. नवजात बाळाच्या स्वच्छमंडलाचा आडवा व्यास सुमारें 10 मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षांत तो 12 मिलिमीटरच्या पुढें गेला, तर वैद्य सावध होतात. ज्याला आपण टपोरे डोळे म्हणून नांवाजतों, ते कधीं कधीं असे असतात.

ताणाला सुद्धां मर्यादा आहे. स्वच्छमंडलाच्या तळाशीं एक अत्यंत पातळ, चिवट पापुद्रा असतो. वरचा जाड थर ताणला जातो, पण हा पापुद्रा ठिकठिकाणीं फाटतो. झुरिकचे नेत्रवैद्य ओटो हाब यांच्या नांवानें या फाटलेल्या रेघा ओळखल्या जातात. फाटीच्या कडा गुंडाळल्या जाऊन भरून येतात, पण रेघ जन्मभर राहते, आणि ती जागा नाजूकच राहते. नव्या फाटींतून नेत्रोदक वरच्या थरांत झिरपतें, कांच धुरकटते, उजेड खुपतो. बाळ प्रकाशाकडे पाठ फिरवितें तें हट्टानें नव्हे. तें त्याचें दुखणें सांगत असतें.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. डोळ्यांत रक्त दिसलें असें आपण सरसकट म्हणतों, पण त्याचे तीन प्रकार आहेत व त्यांची किंमत सारखी नाहीं. पांढऱ्या भागावर तांबडालाल डाग पडतो, तो पहिला प्रकार. जोरानें खोकल्यानें किंवा डोळा चोळल्यानें तो होतो. दिसतो भयंकर, पण बहुधा निरुपद्रवी असतो व दोन-तीन आठवड्यांत नाहींसा होतो. दुसरा प्रकार म्हणजे कांचेच्या मागें, नेत्रोदकांत उतरलेलें रक्त. मूल बसलें कीं तें तळाशीं साचतें व त्याची पातळी सरळ रेषेंत दिसते. मूल कुशीवर निजलें कीं रेषाहि सरकते. हें गंभीर असतें. तिसरा प्रकार म्हणजे खुद्द कांचेच्या थरांत अडकलेलें रक्त. मुलाला बसवा, निजवा, उपडें करा. तें जागचें हलत नाहीं. आमच्या या भगिनीनें पत्रांत लिहिलें होतें कीं, मुलगा कसाहि निजला तरी डाग तेथेंच दिसतो. वैद्य नसतांहि त्यांनीं टिपलेली ही गोष्ट फार मोलाची होती. अर्थात् पहिला प्रकार सोडून उरलेल्या दोहोंतील भेद ठरविणें हें नेत्रवैद्याच्या सूक्ष्मदर्शकाचें काम आहे. घरीं त्यावर चर्चा करीत बसण्याचें कारण नाहीं.

कांचेच्या थरांत रक्त येण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट कडेकडून : कांच दीर्घ काळ सुजलेली किंवा व्रणांकित राहिली, तर तिचें रक्षक द्रव्य अपुरें पडतें, शेजारच्या रक्तवाहिन्या आंत अतिक्रमण करतात, आणि या नव्या वाहिन्या इतक्या ठिसूळ असतात कीं थोड्याशा कारणानें फुटतात. दुसरी वाट शस्त्रक्रियेच्या जागेची : कोपऱ्यांतील ती वर्तुळाकार नलिका उघडतांना तिच्यांतून थोडें रक्त मागें येतें, आणि तें नलिका खरोखर उघडली याची खूण म्हणून शस्त्रवैद्यास नकोसें वाटत नाहीं, परंतु क्वचित् तें नेत्रोदकांत उतरण्याऐवजीं तळच्या पापुद्र्याला उचलून त्याच्यावरच्या फटींत शिरतें. तिसरी वाट आंतून : मार लागून नेत्रोदकांत रक्त उतरलें, आणि पापुद्रा जर फाटलेला किंवा नव्यानें उसवलेला असला, तर तेंच रक्त त्या फाटींतून कांचेच्या थरांत घुसतें. दाब वाढलेला असेल तर तें अधिकच ढकललें जातें. या मुलाच्या बाबतींत तपासणीअंतीं हाच तिसरा प्रकार ठरला. चौकटीच्या कोपऱ्याचा मार फारसा मोठा नव्हता. इतर मुलाच्या डोळ्याला तेवढ्यानें बहुधा कांहींच झालें नसतें. पण ताणून पातळ झालेल्या डोळ्याला तो पुरेसा होता.

मग तें आपोआप जिरणार नाहीं काय? येथें वडील माणसांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हे, आणि म्हणूनच तें धोक्याचें. कांचेंत शिरलेलें रक्त शरीर खरोखरच हळूहळू साफ करतें. परंतु तेथें रक्तवाहिनीच नसल्यानें केर उचलून नेणारे हातहि थोडे. रक्तपेशी फुटतात, त्यांतील लोहयुक्त रंग थरांत पसरतो, कांच प्रथम तांबूस-तपकिरी व पुढें हिरवट-पिवळी दिसते. ही सफाई कडेकडून मध्याकडे होत जाते, आणि तिला कित्येक महिने, प्रसंगीं दोन-तीन वर्षेंहि लागतात. म्हणजे ज्या मध्यभागांतून आपण पाहतों, तोच सर्वांच्या शेवटीं स्वच्छ होतो.

साठ वर्षांच्या गृहस्थांना हें झालें, तर त्यांची गैरसोय होईल. पण दोन वर्षांनीं कांच निवळली कीं त्यांना पूर्वींसारखें दिसूं लागेल. चौदा महिन्यांच्या मुलाचें तसें नाहीं. आपण डोळ्यांनीं पाहतों हें अर्धेंच सत्य आहे. पाहणारा मेंदु आहे, आणि पाहण्याची विद्या तो बालपणींच शिकतो. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनीं 1960 नंतरच्या दशकांत मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. पिलाचा एक डोळा आरंभींच्या कांहीं आठवड्यांत शिवून बंद ठेवला व मग उघडला, तेव्हां डोळा निर्दोष असूनहि पिलाला त्या डोळ्यानें दिसेना. मेंदूंतील त्याची जागा उघड्या डोळ्यानें बळकावली होती. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर असें होत नव्हते. या दोघांस 1981 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. माणसाच्या मुलालाहि हाच नियम लागू आहे. पहिल्या वर्षांत तो अत्यंत कडक असतो आणि सात-आठ वर्षांपर्यंत हळूहळू सैल होत जातो. या काळांत एका डोळ्यावर पडदा राहिला, तर मागाहून पडदा गेला तरी दृष्टिमांद्य उरतें. शाळेचे दिवस संपल्यावर वर्गाचें दार उघडून काय उपयोग?

सारांश, जें रक्त मोठ्या माणसांत केवळ एक डाग असतें, तें मुलांत कालाचा अपहार करणारें असतें. म्हणून नेत्रवैद्य अशा वेळीं तीन गोष्टी पाहतात. पहिली, डोळ्यांतील दाब. तो वाढलेला असला तर प्रथम तो उतरवावयाचा, कारण वाढलेला दाब रक्त आंत ढकलतो आणि दृष्टिमज्जेचा नाशहि करतो. मार लागल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पुन्हां रक्तस्राव होण्याचा संभव असल्यानें या काळांत विशेष जपावें लागतें. दुसरी, रक्ताची जागा. तें कडेला असेल तर थांबतां येतें, परंतु बाहुलीच्या समोर व पापुद्र्याच्या वरच्या फटींत सांचून राहिलें असेल, तर सूक्ष्म छेद घेऊन तें धुवून काढतां येतें, आणि आंत हवेचा बुडबुडा सोडून सुटलेला पापुद्रा परत जागेवर बसवितां येतो. तिसरी, मेंदूची शिकवणी. चष्मा देणें, आणि चांगला डोळा रोज ठराविक वेळ पट्टीनें झांकून दुबळ्या डोळ्याला काम करावयास लावणें. ही पट्टी मुलाला मुळींच आवडत नाहीं, आणि ती बांधण्याचें काम आईकडेच येतें. शस्त्रक्रिया तासाभराची असते. पट्टी वर्षानुवर्षांची असते.

या रोगाला पूर्वीं उपायच नव्हता, असें म्हटलें तरी चालेल. 1893 सालीं इटलींतील कार्लो दे व्हिन्चेंतीस यांनीं डोळ्याच्या कोपऱ्यांत छेद घेण्याचा प्रयत्न केला होता. पण तो कोपरा बाहेरून दिसतच नसल्यानें तें काम आंधळेपणानें करावें लागे. सॅन फ्रान्सिस्कोचे ओटो बार्कन यांनीं डोळ्यावर एक विशिष्ट भिंग ठेवून तो कोपरा डोळ्यांनीं पाहत पाहत छेद घेण्याची रीत काढली, आणि जन्मजात कांचबिंदूवरील आपले अनुभव 1942 सालीं प्रसिद्ध केले. जीं बाळें पूर्वीं अंधत्वाच्या वाटेनें गेलीं असतीं, तीं पाहूं लागलीं. ही रीत कांच स्वच्छ असेल तरच चालते. पुढें 1960 सालीं लंडनमध्यें रेडमंड स्मिथ व अमेरिकेंत हर्मन ब्युरियन यांनीं स्वतंत्रपणें बाहेरच्या बाजूनें त्या नलिकेंत शिरण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिला कांच धुरकट असल्याची अडचण येत नाहीं. आपल्याकडे पुष्कळ बाळें कांच धुरकटल्यावरच वैद्याकडे येतात, म्हणून ही दुसरी रीत व तिचे पुढचे प्रकार येथें फार उपयोगी पडले आहेत.

आतां तिसरा प्रश्न. पत्रलेखिकेच्या सासूबाईंचें म्हणणें असें कीं, सुनेनें पांचव्या महिन्यांत ग्रहण पाळलें नाहीं. ती त्या वेळीं विळीवर भाजी चिरीत होती. हें वाचून मन विषण्ण झालें. सासूबाईंचा हेतु वाईट असेल असें नाहीं. दुःखाला कारण सांपडलें कीं माणसाला थोडा आधार वाटतो. परंतु चंद्रसूर्यांच्या छायेचा आणि बाळाच्या डोळ्यांतील जाळीचा कांहीं एक संबंध नाहीं. आईच्या खाण्यापिण्याचा, झोपेचा वा विचारांचाहि नाहीं. 1997 सालीं असें आढळून आलें कीं, या रोगाच्या पुष्कळ कुटुंबांत दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकांत दोष असतो; शास्त्रज्ञ त्याला सी-वाय-पी-एक-बी-एक म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावते, व माणूस पूर्ण निरोगी राहतो. आईबाप दोघेहि अशी एकेक सदोष प्रत वाहणारे असले, तर मात्र दर खेपेस चारांत एक असा संभव असतो कीं, बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळतील. म्हणजे दोषाचाच शब्द वापरावयाचा, तर तो निम्मा वडिलांकडचा आहे. आणि वस्तुतः तो कोणाचाच नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. पत्रलेखिका आपल्या यजमानांच्या मामेबहीण लागतात. आपल्या देशस्थ घराण्यांतून मामाची मुलगी करण्याची चाल फार जुनी आहे, आणि घरांतली मुलगी घरांतच आली म्हणून तिचें कौतुकहि होतें. परंतु सख्ख्या आते-मामेभावंडांत सरासरीनें अष्टमांश जनुकें समान असतात. एका आजोबांकडून आलेली तीच सदोष प्रत दोघांजवळ असण्याचा संभव परक्यांपेक्षां पुष्कळ अधिक असतो. पाश्चात्य देशांत हा रोग दहा हजार जन्मांत एक किंवा त्याहूनहि विरळा मानतात. मामा-भाची व आते-मामेभावंडांचे विवाह जेथें रूढ आहेत, त्या आंध्र प्रदेशांत झालेल्या पाहणींत तो सुमारें 3,300 जन्मांत एक आढळला. यावरून अशा विवाहांतील प्रत्येक मूल रोगी निपजतें असें मुळींच नव्हे; बहुतेक निरोगी असतात. झालेल्या विवाहाविषयीं खंत करण्यांतहि अर्थ नाहीं. पण होऊं घातलेल्या विवाहांचा विचार करतांना पत्रिकेंतील नाडीइतकें लक्ष याहि गोष्टीकडे द्यावें. आणि ज्या घरीं असें एक मूल झालें आहे, त्यांनीं पुढच्या बाळाच्या आधीं आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, व तें बाळ जन्मतांच पहिल्या कांहीं दिवसांत त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

राहिल्या घरांत पाळण्याच्या चार गोष्टी. बाळाच्या डोळ्यांतून पाणी येणें पुष्कळदां अश्रुनलिका न उघडल्यामुळें असतें, व तें सौम्य असतें. पण पाण्याबरोबर उजेडाची भीति असली, डोळे घट्ट मिटले जात असले, किंवा बुबुळ धुरकट वा निळसर दिसत असलें, तर एक आठवडाहि थांबूं नये. महिन्या-महिन्याला काढलेलीं छायाचित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. रोज पाहणाऱ्याच्या लक्षांत न येणारी वाढ त्यांत दिसते, आणि एक बुबुळ दुसऱ्यापेक्षां मोठें असल्यास तेंहि कळतें. डोळ्यांत मध, तूप, दूध, काजळ किंवा शेजाऱ्याला गुण आलेलें औषध घालूं नये. विशेषतः स्टिरॉइड असलेले थेंब वैद्याच्या देखरेखीशिवाय घातल्यास त्यांनींच डोळ्यांतील दाब वाढतो. ज्या मुलाचे डोळे या रोगानें मोठे झाले आहेत, त्याला न फुटणाऱ्या भिंगांचा चष्मा घालावा, चौकटींचे व पलंगाचे कोपरे कापडानें मढवावेत, आणि विटीदांडूपासून त्याला लांब ठेवावें. डोळ्याला मार लागला, तर चोळूं नये, शेकूं नये, दुखण्यासाठीं ॲस्पिरिनसारखें रक्त पातळ करणारें औषध देऊं नये. डोळ्यावर दाब पडणार नाहीं असें कठीण झांकण लावून थेट वैद्याकडे न्यावें.

त्या मुलाची हकीकत सांगून लेख पुरा करतों. भूल देऊन तपासल्यावर डाग बाहुलीच्या समोर, पापुद्र्याच्या वरच्या फटींत सांपडला. दाबहि चढलेला होता. दाब उतरविला गेला, रक्त धुवून काढलें, पापुद्रा हवेच्या बुडबुड्यानें बसविला. कांच बरीच निवळली आहे. मध्यभागीं एक फिकट तपकिरी छाया अजून आहे, ती जाण्यास अवकाश लागेल. डाव्या डोळ्यावर रोज पट्टी बांधतात. पहिले कांहीं दिवस मुलानें ती ओरबाडून काढली. आतां ती बांधण्याचें काम सासूबाईंनीं आपल्याकडे घेतलें आहे. त्या वेळीं त्या त्याला देवघरांत मांडीवर घेऊन बसतात व समईच्या ज्योतीकडे बोट दाखवितात. परवांच्या पत्रांत बाईंनीं लिहिलें आहे कीं, उजव्या डोळ्यानें तो त्या ज्योतीकडे पाहतो, आणि पूर्वींसारखा तोंड फिरवीत नाहीं.